न पुसलेला प्याला

“उतर खाली. झगा काढ. सॅम्युएलला दे.”

प्राचार्यसाहेब शेवटी एवढंच बोलले. आवाजही चढवला नाही. मी चॅपलच्या व्यासपीठावर उभा. अंगात पांढरा झगा, तोंडात अर्धं वाक्य. ते वाक्य मी गिळलं. आजतागायत पचलेलं नाही.

मी उतरलो. झगा डोक्यावरून काढताना मान अडकली. दोन-तीन पोरं फिसकन हसली. सॅम्युएलनं झगा दोन्ही खांद्यांना चिमटीत धरला, खिडकीपाशी गेला आणि झटकला. एकदा. दोनदा. तीनदा. दारातलं पायपुसणं झटकतात तसा. मग अंगात घातला.

मी गोष्टी वाढवून सांगतो, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल. आमच्या पाड्यावर कोंबडी पळाली तर माझ्या तोंडी बिबट्या येतो. पण झगा तीनदा झटकला. दोनदा नाही, चारदा नाही. यात मी काही वाढवलेलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशिकमध्ये आमची सेमिनरी होती. नेमकी कुठं ते सांगत नाही. सेमिनरी म्हणजे पाळक घडवायची शाळा. तिथं दोन जाती होत्या. ख्रिस्तात जात नसते, म्हणून त्यांना जात म्हणत नसत, कोर्स म्हणत. डिप्लोमावाले आणि सर्टिफिकेटवाले. डिप्लोमावाला पुढं पाळक व्हायचा. मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, त्याची, व्यासपीठ त्याचं, लग्न लावणार तो, माती देणार तो. सर्टिफिकेटवाला व्हायचा मदतनीस. डोंगरातल्या पाड्यांवर चटया अंथरायच्या, ढोलकी वाजवायची, आणि महिन्यातून एकदा पाळकसाहेब जीपमधून आले की त्यांची बॅग उचलायची.

मी सर्टिफिकेटवाला. पेठच्या बाजूचा, घाटावरचा, कोकणा आदिवासी. आमच्यातून शहराच्या सेमिनरीत गेलेला पहिलाच. मी निघालो त्या दिवशी एस.टी.ला पोचवायला चार हजार माणसं आली होती. बरं, चाळीस. त्यात शेळ्या धरल्या तर.

मदतनीसाचा पाळक व्हायला एकच वाट होती. प्राचार्यांची शिफारस. सरावाचं प्रवचन चांगलं झालं आणि ‘पाया’त मार्क पडले, तर ते शिफारस लिहीत आणि सर्टिफिकेटवाला डिप्लोमाला जाई. ‘पाया’ म्हणजे सेवेसाठी ईश्वरविज्ञानाचा पाया. हाताला शाई लागणाऱ्या सायक्लोस्टाइलच्या नोट्स. देव कोण, माणूस कोण, पाप म्हणजे काय, तारण कसं होतं, मंडळी कशाला म्हणायचं, प्रभुभोजन कुणी घ्यायचं. माझ्या त्या तोंडपाठ. उलट्या विचारा, उलट्या सांगेन. सेमिनरीच्या स्वयंपाकघरात कांदे चिरताना मी मंडळीचा धडा इतक्या जोरात म्हणायचो की तो गंगापूर धरणाच्या भिंतीवर आपटून परत यायचा. निदान पेठ नाक्यापर्यंत तरी जायचाच.

दोन वर्षं मी त्या झग्याची वाट पाहिली. झगा सगळ्यांत एकच होता. शुक्रवारी एक विद्यार्थी तो घालून प्रवचन करायचा, बाकीचे खाली मंडळी होऊन बसायचे, आणि पहिल्या बाकावर प्राचार्य पेन उघडून. माझी पाळी आली त्या दिवशी मी लाल साबणाची अख्खी वडी संपवली. अर्धी म्हणा. पण अंगाला साबणाशिवाय कसलाही वास नव्हता. झटकण्यासारखं काही नव्हतं.

मी घेतला होता द्राक्षमळ्याचा दाखला. मालक पहाटे मजूर बोलावतो, दुपारी बोलावतो, दिवस मावळायला आल्यावरही बोलावतो, आणि सगळ्यांना सारखंच देतो. प्रभूनं सांगितलेली गोष्ट. मी ती उचलली आणि दिंडोरीच्या मळ्यात नेऊन ठेवली. मालकाचं पोट असं की त्याची सावली पडली की मजुरांना सुट्टी झाल्यासारखं वाटावं. घड असा की दोन माणसांनी काठीला टांगून न्यावा. हे शास्त्रातच आहे, मी फक्त माणसं चार केली. मुकादम बिडी विझवून मजुरांच्या रांगेकडे कसा बघतो, कुणाच्या दंडाला हात लावून बघतो, कुणाला मागं ढकलतो, हे सगळं करून दाखवलं. पोरं हसली. स्वयंपाकी दारात येऊन हसला. आणि मग गप्प झाली, कारण मी मागं ढकललेल्या माणसापाशी आलो होतो. तो दिवसभर नाक्यावर उभा आहे, कुणी बोलावलेलं नाही, आणि आता मालक त्याच्याकडे...

तिथं प्राचार्य म्हणाले, “हे व्यासपीठ आहे, आठवड्याचा बाजार नाही.” आणि मग ती तीन वाक्यं.

सॅम्युएलनं झगा घातला आणि त्याच दाखल्यावर वीस मिनिटं बोलला. कृपेचे चार प्रकार सांगितले. दोन पोरं झोपली. प्राचार्यांनी पेन बंद केलं आणि मान डोलावली.

हेवा कसा असतो ते मला विचारा. ‘पाया’त पापाच्या धड्यात त्याच्यावर एक ओळ आहे. एका ओळीत काय मावतंय.

सॅम्युएलच्या बायबलला चामड्याचं कव्हर आणि चेन. उघडताना सर्रकन वाजायची, आणि माझ्या पोटात सर्रकन काहीतरी फाटायचं. त्याचे बूट असे की त्यात बघून भांग पाडावा. पाडलाही एकदा, तो आंघोळीला गेला असताना. त्याच्या आजोबांचा फोटो मंडळीच्या खोलीत, पाळकाची कॉलर घातलेला. माझ्या आजोबांचा फोटो कुठंच नाही. त्यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता आणि कॅमेरा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. सॅम्युएलच्या घरात बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या होत्या, पण त्याआधी आपण किती वरच्या जातीचे होतो हे त्या घरी अजून चहाबरोबर निघायचं. मी चहा द्यायला गेलो होतो म्हणून ऐकलं.

तो जेवणाआधी प्रार्थना करायचा तर भात निवायचा. शब्द असे की देव हातातलं काम टाकून ऐकत असणार. माझी प्रार्थना चालू असताना देव बहुधा दुसरीकडे बघत असेल, असं मला वाटायचं. एवढं जळायचो मी. चुलीत लाकूड घालायची गरज नव्हती, मला उभं केलं असतं तरी डाळ शिजली असती. त्याचं वाईट व्हावं असं वाटायचं नाही. मला तोच व्हायचं होतं. त्याचे बूट, त्याचा आजोबा, त्याचा झगा. सगळं.

तर पंधरा दिवसांनी तो माझ्या खोलीत आला. पहिल्यांदाच. बसला नाही, दाराशीच उभा राहिला. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, शहरातल्या मोठ्या मंडळीत त्याला प्रवचन दिलं होतं. प्राचार्य हेच त्या मंडळीचे पाळक.

“तुझी ती मळ्याची गोष्ट भारी होती रे,” तो म्हणाला. “फक्त तुला सांगायची रीत नाही. मला लिहून दे. तुला थोडंच तिथं उभं करणार आहेत.”

शेवटचं वाक्य तो सहज बोलला. पावसाचं बोलावं तसं. मी हो म्हणालो. भारी म्हणाला होता ना. हेव्याचं हेच आहे, ज्याच्यावर जळतो त्यानं पाठीवर थाप मारली की शेपूट हलतं.

दुपारी चिंचेखाली बसून मी आठ पानं लिहिली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. आणि सातव्या पानावर सापळा लावला.

पिकलेल्या द्राक्षावर पांढुरकी भुकटी असते. तीच माल ताजा असल्याची खूण. काढणीच्या वेळी मजूर घड देठाला धरतो, मण्याला बोट लावत नाही. बोट लागलं की भुकटी जाते, डाग दिसतो, व्यापारी पेटी माघारी पाठवतो. आमच्या पाड्यावर हे दूधपित्या पोराला ठाऊक. शहरात पेटीपेटीनं द्राक्षं खाणाऱ्याला ठाऊक नाही. मी लिहिलं, “मळ्यातला मजूर प्रत्येक घड हातात घेतो आणि रुमालानं मणी न मणी पुसून लख्ख करतो. तसा प्रभू आपल्याला पुसतो.”

सॅम्युएलनं वाचलं आणि त्याचे डोळे पाणावले. म्हणाला, “इथं मी खिशातून रुमाल काढून दाखवीन.”

म्हटलं, काढ बाबा.

कारण मला माहीत होतं त्या रविवारी मागं कोण बसणार. माझी आये. आणि पाड्यावरची आणखी तेरा माणसं. डोंगरात नागलीचं काम आटोपलं की ती सगळी दिंडोरीच्या मळ्यांत उतरायची. घडातले जादा मणी खुडून घड विरळायचे, मग औषधाच्या मगात एकेक घड बुडवून काढायचा, त्याला मळ्यात डिपिंग म्हणतात, आणि शेवटी काढणी. आयेच्या बोटांची सालं निघायची. प्रभुभोजनाच्या रविवारी ही माणसं धुतलेले कपडे घालून शहरात यायची. मंडळीसाठी पाटीभर द्राक्षं आणायची, घडातून सुटलेले मणी. मी ते मणी सेमिनरीत कुस्करून, साखर घालून उकळायचो आणि मलमलीतून गाळायचो. तोच रस चांदीच्या प्याल्यात. आयेनं तोडलेला, मी गाळलेला.

मी हिशोब केला होता की मागं कुणीतरी हसेल. जास्त नाही. माझी मान झग्यात अडकली तेव्हा झालं होतं तेवढंच. एक फिसकन.

आता प्रभूच्या आठवणीनं भाकर आणि रस घ्यायची त्या मंडळीची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यापाशी येऊन अडलं. शास्त्रात भाकर लिहिलंय, आमच्याकडे बेकरीचा पाव चौकोनी कापलेला. पुढच्या बाकांवरची माणसं टेबलापाशी येऊन गुडघे टेकायची. प्राचार्य प्याला एकाच्या ओठांना लावायचे, मग इस्त्रीच्या पांढऱ्या रुमालानं त्याची कड पुसायचे, प्याला थोडा फिरवायचे, मग पुढच्याच्या ओठांना. पुसायचा, फिरवायचा. कुणा बाईची लिपस्टिक लागली तर जरा जास्त पुसायचा. मागं चटईवर बसलेल्या डोंगरातल्या माणसांना प्याला नव्हता. त्यांच्यासाठी तबक. मदतनीसानं पावाचा तुकडा वाटीतल्या रसात बुडवायचा आणि त्यांच्या तळहातावर वरून टाकायचा. कारण काय, तर ती माणसं मिश्री लावतात, प्याला काळा होतो. लिपस्टिकनं लाल होतो ते चालायचं.

तो मदतनीस मीच.

दोन वर्षं मी माझ्या आयेच्या तळहातावर वरून तुकडा टाकला. माझ्या हातानं. आणि मला त्याची शरम वाटली नव्हती. उलट तबक माझ्या हातात आहे, सगळे बघताहेत, याचा ताठा होता. आये परत जाताना म्हणायची, “झालं रं आमचं डिपिंग.” बाकीचे हसायचे. मीही हसायचो. माझे डोळे सगळा वेळ पुढं असायचे, सॅम्युएलच्या बुटांवर.

झावळ्यांचा रविवार आला. सॅम्युएल व्यासपीठावर चढला. आणि खरं सांगतो, माझी गोष्ट त्याच्या तोंडून फार छान वाटत होती. पुढचे बाक हलले. मुकादम आला तेव्हा हसले, मागं ढकललेला माणूस आला तेव्हा बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मी तबक धरून भिंतीशी उभा, आतून करपत होतो. तीच माणसं, तीच गोष्ट. फक्त मला खाली उतरवलं होतं.

मग सातवं पान आलं. त्यानं खिशातून रुमाल काढला, हवेतलं एक द्राक्ष पुसायला लागला.

आयेचं हसू म्हणजे झाकायची चीज नाही. घाटात हसली तर एस.टी.चा ड्रायव्हर ब्रेक दाबतो. ती हसली. आणि वर अख्ख्या मंडळीला ऐकू जाईल असं, पण अगदी काळजीनं, म्हणाली, “पुसलं तर माल माघारी येल ना रं, बाबा.”

चटईवरची चौदाच्या चौदा माणसं पदरात नि टोपीत तोंड घालून हसायला लागली. सॅम्युएल रुमाल हातात धरून उभा. पुढचं वाक्य त्याला सापडेना. सापडणार कसं, ते माझं होतं. त्यानं दोनदा ‘प्रिय बंधुभगिनींनो’ म्हटलं, आमेन म्हटलं आणि खाली उतरला. मनात मी ढोलकी वाजवत होतो. बाहेरून मी असा साळसूद की तबकातल्या पावाला माझ्यापेक्षा जास्त पाप लागलं असेल.

प्रभुभोजन सुरू झालं. पुढचे बाक आटोपले. पुसायचा, फिरवायचा. शेवटी प्याला माझ्या ओठांना लावला. मी तबक उचललं, तर प्राचार्य हळूच माझ्या कानाशी आले.

“मागच्यांना आज राहू दे. ज्यांना उपासनेत बसायची रीत नाही त्यांनी भोजन घेऊ नये. धडा सहावा. तुला पाठ आहे.”

पाठ होता. सहावा धडा, भोजनाआधी तपासणी. पण तपासायचं कुणी कुणाला, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. प्रत्येकानं स्वतःला. दुसऱ्याला तपासण्याबद्दल सहाव्या धड्यात एक अक्षर नव्हतं. माझ्या लक्षात ते त्या क्षणी आलं. दोन वर्षं नुसता घोकला होता.

मी मागं पाहिलं. चौदा तळहात पुढं आलेले होते. तबक येणार म्हणून. मी हललो नाही तसे ते तळहात जरा वेळ तसेच राहिले. मग एकेक खाली गेला. आयेनं आपला तळहात लुगड्याला पुसला आणि शेजारणीला म्हणाली, “माज्यामुळं झालं.”

तिच्यामुळं नव्हतं झालं. तिला हसायला मी बसवलं होतं. सॅम्युएलला पाडायला मी माझ्या आयेचं हसू वापरलं होतं, आणि शिक्षा तिला. आणि हसू आज निमित्त झालं, पण वरून तुकडा तर मी दर वेळीच टाकत होतो. ज्या टेबलाशी तिला जागा नव्हती त्याच टेबलाच्या वरच्या खुर्चीसाठी मी दोन वर्षं जळत होतो.

मी तबक भिंतीशी ठेवलं. टेबलापाशी गेलो. प्याला नुकताच पुसून ठेवलेला. अर्धा भरलेला होता. मी तो उचलला आणि मागं चालू लागलो. दुसऱ्या कुठल्या गोष्टीत मी ते अंतर मैलभर केलं असतं. वीसेक पावलं होती.

आयेसमोर गुडघे टेकले.

“पी, आये.”

तिनं पदर तोंडावर धरला. “मिश्री हाय रं तोंडात.”

“असू दे.”

“साहेब बगतो.”

“बघू दे. तुझीच द्राक्षं आहेत.”

तिनं एकदा समोर पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग प्याला दोन्ही हातांनी धरला आणि प्यायली. कडेवर काळी खूण उमटली. मी पुसली नाही. शेजारणीला दिला. तिनंही त्याच कडेला तोंड लावलं. मग पुढचा, मग पुढचा. कुणी फिरवला नाही. चौदाजणं झाली आणि तळाला घोटभर राहिला, तो मी घेतला.

प्याला परत घेऊन गेलो तर प्राचार्यांचा हात पुढं, हातात तो पांढरा रुमाल. मी प्याला तसाच टेबलावरच्या शुभ्र कापडावर ठेवला.

“पुसायचं नाही,” मी म्हणालो. “पुसलं की माल माघारी येतो.”



सोमवारी ऑफिसात बोलावणं आलं. प्राचार्य टेबलामागं, सॅम्युएल खुर्चीत, मी उभा. टेबलावर शिफारशीचा छापील कागद. त्यावर माझं नाव घातलेलं होतं. फक्त सही व्हायची होती. आधीपासून घातलं होतं की मला दाखवायला त्या सकाळी घातलं, मला कधी कळलं नाही. त्या कागदाकडे मी असा पाहत होतो जसं उपाशी माणूस जिलेबीच्या कढईकडे बघतो.

प्राचार्य रागानं बोलले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, “तुझ्यात गुण आहेत, पोरा. माफी लिहून दे. मी सही करतो.”

कोरा कागद पुढं सरकवला. पेनही त्यांचंच दिलं. मी लिहिलं.

“द्राक्षं पुसण्याची खोटी गोष्ट मी हेव्यापोटी लिहून दिली. ते पाप माझं. सॅम्युएलची मी माफी मागतो.”

सॅम्युएलनं वाचलं. “मुद्दाम लिहिलंस?”

“हो.”

त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

मग त्याखाली दुसरी ओळ लिहिली. “प्याला मागच्या रांगेला दिला. त्याची माफी मागत नाही.”

प्राचार्यांनी चष्मा काढला. “दुसरी ओळ खोड.”

मी पेनला टोपण लावलं.

सॅम्युएल हळू आवाजात म्हणाला, “खोड ना. एक ओळ तर आहे.”

त्यानं मनापासून सांगितलं होतं. शत्रुत्वानं नाही. त्याला खरंच ती एक ओळ वाटत होती. त्याची आई कधी चटईवर बसलेली नव्हती. मी पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडलो. दुपारपर्यंत माझी पत्र्याची पेटी दिंडोरीच्या मळ्यात होती आणि संध्याकाळी मी आयेच्या ओळीत घड तोडत होतो. मुकादमानं विचारलं, काय रे पाळकसाहेब. मी म्हटलं, हजेरी लाव.

त्याला आता दहा वर्षं झाली. सॅम्युएल चांदवडच्या बाजूला पाळक आहे. त्याचा स्वतःचा झगा आहे, कुणी आधी घातलेला नाही. लोक म्हणतात, त्याच्या प्रवचनात मळ्याची एक गोष्ट असते, ऐकून बायका रडतात. पुसायचं तेवढं त्यानं काढून टाकलंय. माझं नाव घेतो की नाही कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हेवा गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. व्यासपीठ दिसलं की अजून माझी टाच उचलली जाते.

मी पाड्यांवर सांगतो. कागद नाही, कॉलर नाही, म्हणून मला पाळक कुणी म्हणत नाही. हंगामात मळ्यात जातो. आये आता जात नाही, तिची बोटं वळत नाहीत. रविवारी ओट्यावर माणसं जमतात. नागलीची भाकर, पितळी पेला. पेला आयेपासून सुरू होतो. कुणी पुसत नाही.

यंदा सेमिनरीचं पत्र आलं. वर्धापनाची मोठी उपासना आहे, जुने विद्यार्थी बोलावलेत, प्रभुभोजनाला पुढच्या बाकावर जागा राखलीय. खाली सही सॅम्युएलची, कमिटीत आहे तो आता. शाईनं वेगळी ओळही लिहिलीय, “जरूर ये, जुनं विसर.” पुढचा बाक. माझं नाव घातलेला. दोन वर्षं ज्याच्यासाठी जळलो तो. पत्र मी तीनदा वाचलं. तीनदाच.

उलट टपाली मी एकच प्रश्न पाठवला. मागच्या चटईला प्याला असतो, की अजून तबक?

महिना झाला. उत्तर आलेलं नाही. आलं आणि प्याला असेल, तर मी आयेला पाठीवर घालून नेईन, आणि आम्ही दोघं चटईवर बसू. तबक असेल, तर पुढच्या बाकावरची ती जागा रिकामी राहील. या वर्षी, पुढल्या वर्षी, मी मरेपर्यंत. जिथं प्याला माझ्या आयेच्या आधी थांबतो तिथं तो माझ्या ओठांना लागणार नाही.

यात मी काही वाढवलेलं नाही.